गडग्याच्या अलीकडचा योग : कोकणातल्या घरात साधना कशी बसवावी

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. फाल्गुनातली सकाळ. पडवीत पाट टाकून मी अनुलोम-विलोम करत बसलो होतो. उजवा अंगठा उजव्या नाकपुडीवर, डोळे मिटलेले. तेवढ्यात आंब्याच्या कलमांच्या बाजूने दगडावर दगड बसल्याचा आवाज आला. आमच्या गडग्याचा, म्हणजे हद्दीवरच्या दगडी बांधाचा दगड, आवाजावरून कळतं. चुलतभाऊ गडगा 'नीट करत' होता, म्हणजे हातभर आमच्या बाजूला सरकवत होता. मी ताडकन उठलो, खळ्याच्या कडेला गेलो आणि ओरडायला लागलो. अर्धं भांडण झाल्यावर बायको मागून म्हणाली, "अहो, आधी नाक तरी सोडा." अंगठा तिथेच होता.

त्याआधी अकरा महिने मी रोज न चुकता बसत होतो. मुंबईतली नोकरी संपवून देवगड तालुक्यात गावी आलो, चाळीस कलमं, जुनं घर, आणि आता निवांत साधना करायची असा बेत. त्या सकाळी लक्षात आलं की अकरा महिन्यांत माझे गुडघे सुधारले होते, बाकी मी होतो तिथेच होतो. मग उलट्या बाजूने सुरुवात केली. ती पद्धत खाली लिहितो आहे. ज्यांच्याकडे वेगळी खोली नाही, गुरू नाही, घरात माणसं आणि बाहेर बागायत आहे, अशांसाठी. सगळ्या पायऱ्या एकदम चढू नका. मला दीड वर्ष लागलं.

आधी आपला गडगा शोधा

पहिला आठवडा आसन नाही, प्राणायाम नाही. एक वही घ्या आणि रोज रात्री लिहा : आज मन कुठे भडकलं, कोणामुळे, साधारण किती वाजता. कारणमीमांसा नको, नुसती नोंद. सात दिवसांनी वाचा. माझ्या वहीत चार वेळा गडगा, दोनदा दलालाचा हिशेब आणि एकदा मुलाचा न आलेला फोन होता. रामा-शिवा-गोविंदा म्हणत ज्या 'संसाराच्या तापा'बद्दल आपण बोलतो, तो इतका थोडक्यात मावतो, हे बघून जरा हिरमुसलोच.

पतंजलींच्या योगसूत्रांतलं दुसरंच सूत्र 'योगश्चित्तवृत्तिनिरोधः' असं आहे. वृत्तींना आवर घालायचा, पण कोणत्या? पुढे ते पाच सांगतात : प्रमाण (खरं ज्ञान), विपर्यय (चुकीचं ज्ञान), विकल्प, निद्रा आणि स्मृती (आठवण). माझं गडग्याचं भांडण बहुतांशी स्मृतीचं होतं. आजोबांच्या वाटणीत काय झालं, आत्याच्या लग्नात कोण काय बोललं, याच गोष्टी मी दगडांआडून लढवत होतो. भाऊ हातभर सरकला होता. मी चाळीस वर्षं मागे गेलो होतो. तुमच्या वहीतल्या नोंदींपुढे या पाचांपैकी कोणती वृत्ती आहे ते लिहून बघा. 'विकल्प' म्हणजे वस्तू नसताना नुसत्या शब्दांवर उभा केलेला डोलारा. फोन आला नाही की मुलगा बदलला, सून बदलली, म्हातारपणी आपलं कोणी नाही, इथपर्यंत जे आपण पाच मिनिटांत पोचतो, ते सगळं विकल्प.

जागा आणि वेळ

जागा पडवी, ओटी, माजघराचा कोपरा, कुठलीही चालेल. रोज तीच असावी एवढंच. देवघरासमोरच बसलं पाहिजे असं नाही. उलट तिथे समईची वात, फुलं, निर्माल्य यांत हात गुंततात.

ऑनलाइन मागवलेल्या मॅटवर आषाढात हिरवी बुरशी येते, हे कोणी आधी सांगत नाही. पावसाळ्यात लाद्यांना घाम सुटतो, सारवलेली जमीन गार ओली लागते. पाट, त्यावर घोंगडी, त्यावर धुतलेलं सुती कापड अशी बैठक ठेवा आणि घोंगडी चुलीवरच्या माळ्यावर टाकून सुकवत जा.

वेळ घड्याळाला बांधू नका. मार्च ते मे आंबे काढायला माणसं सहालाच दारात उभी असतात, पावसात सूर्य दिसत नाही, वीज जाते. रोज न चुकता होणाऱ्या एखाद्या कामाला वेळ बांधा. मी बंबाला बांधली आहे. बंब पेटवला की पाणी तापेपर्यंत वीस मिनिटं मिळतात, तेवढं माझं बसणं. आंघोळीआधी बसावं की नंतर, यावर वाद घालणारे भेटतील. त्यांना बंब पेटवायला सांगा.

अभ्यास पक्का कधी होतो, याबद्दल योगसूत्रांच्या पहिल्या पादातलं, म्हणजे प्रकरणातलं, चौदावं सूत्र तीन अटी घालतं : दीर्घकाळ, खंड न पडता आणि सत्काराने. पहिल्या दोन सगळे सांगतात. तिसरी राहून जाते. सत्कार म्हणजे दारी आलेल्या पाहुण्याला बसायला पाट देतो, पाणी देतो, तो भाव. रेडिओच्या बातम्या ऐकत, फोन मांडीवर ठेवून केलेला तासभर प्राणायाम मला फुकटचा वाटतो. दहा मिनिटं बसा, पण त्या दहा मिनिटांचा यजमान तुम्ही असा.

बसणं

यावर थोडक्यात सांगतो, कारण सूत्रकारही थोडक्यातच सांगतात. जवळजवळ १९५ सूत्रांत आसनावर तीन. 'स्थिरसुखमासनम्', म्हणजे स्थिर आणि सुखाचं ते आसन, आणि पुढे प्रयत्न सैल सोडण्याबद्दल. ज्या बाईने आयुष्यभर वाकून लावणी केली आणि विळी-खवणीवर बसून नारळ किसले, तिच्या गुडघ्यांना पद्मासनाचा हट्ट करू नका. घोंगडीची घडी चार बोटं उंच करून मागच्या अंगाखाली घ्या, म्हणजे गुडघे कमरेच्या खाली राहतात आणि पाठ आपोआप ताठ होते. तरी दुखलं तर खुर्ची घ्या, पाय जमिनीला पूर्ण टेकलेले हवेत. बसल्यावर तीन ठिकाणं तपासा : जबडा, खांदे, पोट. माझा जबडा नेहमी आवळलेला असतो. गडग्यामुळे असेल.

श्वास

त्या सकाळनंतर मी अनुलोम-विलोम काही महिने बंद ठेवला. एकतर श्रावणात नाक चोंदलेलं असतं. दुसरं म्हणजे त्यातल्या बोटांच्या कसरतीतच माझं लक्ष अडकायचं. पहिल्या पादातलं चौतिसावं सूत्र श्वास बाहेर सोडणं आणि धरणं यांनी चित्त स्थिर होतं असं सांगतं, आणि त्यातलं सोडणंच सुरुवातीला पुरेसं आहे. मनात चार मोजेपर्यंत श्वास घ्या, सहा किंवा आठ मोजेपर्यंत सोडा. नाकाने, आवाज न करता. अशी दहा आवर्तनं करा, मग मोजणं सोडून द्या आणि श्वासाला त्याच्या वाटेने जाऊ द्या. दम लागला, छाती भरून आली, तर आकडा जास्त झाला, कमी करा. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल, घरात कोणी गरोदर असेल, तर श्वास कोंडून धरण्याचे प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत.

ज्यांना नुसत्या मोजण्यात गोडी वाटत नाही त्यांनी सोऽहं धरावं : आत येताना 'सो', बाहेर जाताना 'हं'. ही नाथपंथाची वाट, आणि रत्नागिरीजवळच्या पावसचे स्वामी स्वरूपानंद (१९०३–१९७४) हीच साधना सांगत. मला त्यांची एक गोष्ट फार जवळची वाटते. पावसला एका कुटुंबाच्या घरात, एका खोलीत त्यांनी आयुष्याची शेवटची जवळपास चाळीस वर्षं काढली. हिमालय नाही, गुहा नाही. दुसऱ्याच्या घरातली एक खोली, बाहेर घरातल्या माणसांचा वावर. 'आमच्या घरात शांतता नसते हो' असं म्हणणाऱ्याने एकदा पावसला जाऊन यावं.

यम : एका वेळी एकच, आणि मासळीचा प्रश्न

योगाच्या आठ अंगांत आसन-प्राणायामाच्या आधी यम-नियम, म्हणजे वागण्याची बंधनं आणि पाळायच्या सवयी, येतात, तरी आपण ते वगळून थेट श्वासाकडे धावतो. मीही वर तेच केलं आहे. बसायची सवय लागल्याशिवाय यमांकडे बघण्याइतका धीर येत नाही, असा माझा अनुभव. आता मात्र टाळायचं नाही. यम पाच : अहिंसा, सत्य, अस्तेय (चोरी न करणं), ब्रह्मचर्य, अपरिग्रह (साठवून, धरून न ठेवणं). महिन्याला एक घ्या. ब्रह्मचर्याबद्दल साठीच्या घरातला माणूस लिहायला लागला की वाचक हसतात, तेव्हा ते सोडतो.

अहिंसा म्हटलं की किनाऱ्यावर पहिला प्रश्न माशाचा. मी मासे खातो. बांगड्याचं तिकलं केलेल्या दिवशी मला समाधीपेक्षा जेवणाची घाई असते. म्हणून हा प्रश्न मी बरेच दिवस चुकवत होतो. मग योगसूत्रांवरच्या व्यासांच्या भाष्यात एक ओळ सापडली आणि हसूच आलं. दुसऱ्या पादातल्या एकतिसाव्या सूत्रात यम हे जात, देश, काळ आणि प्रसंग यांच्या मर्यादा ओलांडले की 'महाव्रत' होतात असं म्हटलं आहे. मर्यादित अहिंसा म्हणजे काय, हे समजावताना भाष्यकाराने उदाहरण घेतलं आहे ते मासे मारणाऱ्याचं : तो माशांचीच हिंसा करतो, इतर कोणाची नाही. पुढे एक उदाहरण काळाचं : चतुर्दशीला किंवा पुण्यदिवशी मारणार नाही असं म्हणणारा. म्हणजे सोमवार, संकष्टी, एकादशी आणि श्रावण पाळणारं आपलं अख्खं गाव त्या एका परिच्छेदात बसलं आहे.

आमच्या शेजारच्या मासेमाराला हे सांगितलं तर तो म्हणाला, "सोमवारी मी खाणंय नाय, पण जाळी टाकतंय." यात विसंगती आहे असं त्याला वाटत नाही, आणि त्याला शिकवायला मी कोण? भाष्यकाराने तरी मर्यादित व्रताची टवाळी केलेली नाही. ते अपुरं आहे एवढंच म्हटलं आहे. तेव्हा आहे ती मर्यादा थोडी पुढे सरकवा. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी नौकांना मासेमारी बंद असते, कारण बऱ्याच माशांचा तो विणीचा काळ. त्या दोन महिन्यांत चोरून आलेली मासळी घ्यायची नाही, आणि एरवीही बोटभर लांबीची पिल्लं स्वस्त मिळाली तरी परत करायची, असं आम्ही घरात ठरवलं. दुसरी हद्द बोलण्याची, आणि ती जास्त अवघड. माशाला टोमणा ऐकू येत नाही, सुनेला येतो. अहिंसेच्या महिन्यात रोज फक्त एक टोमणा गिळायचा. एकच. गिळलेला टोमणा वहीत लिहून ठेवला तरी चालेल. चार दिवसांनी वाचताना तो फारसा धारदार वाटत नाही.

सत्याचा महिना मी मुद्दाम आंब्याच्या मोसमात घेतो. पेटीत वरच्या थराला रंगदार फळ आणि तळाला बारकं, ही चलाखी करायला फार हुशारी लागत नाही. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बाहेरचा आंबा 'देवगड' म्हणून विकणाऱ्यांवर आपण तोंडसुख घेतो आणि आपल्याच पेटीच्या तळाशी हात घालायला घाबरतो. करायचं एवढंच : पेटी बांधण्याआधी ती एकदा गिऱ्हाइकाच्या बाजूने, तळापासून उघडल्यासारखी बघायची. सुरुवातीला दर पेटीमागे दोन-चार फळं बाहेर निघतात. ती घरी खायची, तक्रार न करता.

दिवसभर : चार माणसं, तीन प्रश्न

वीस मिनिटांनंतर उरलेल्या दिवसासाठी पतंजलींनी फार व्यवहारी उपाय दिला आहे. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाबद्दल करुणा, पुण्यवानाबद्दल मुदिता (आनंद), आणि वाईट वागणाऱ्याबद्दल उपेक्षा, यांनी चित्त निवळतं (१.३३). चारांपैकी करुणा आपल्याला जमते. कोणाकडे मयत झालं की सारा वाडा धावतो. मैत्री अवघड जाते, कारण ती सुखी माणसाशी करायची आहे. गणपतीला नवी गाडी घेऊन आलेला चाकरमानी खळ्यात हॉर्न वाजवतो तेव्हा मनात काय येतं ते बघा. मुदिता त्याहून अवघड. मोसमातली पहिली पेटी वाशीच्या बाजारात गेली, पेपरात फोटो आला, आणि ती पेटी आपल्या नव्हे तर शेजारच्या बागेतली होती!

प्रत्येक भावनेसाठी एक खरा माणूस निवडा, मनातल्या मनात. महिनाभर तोच. तो समोर आला की ठरलेली भावना आठवायची, बास. मनापासून वाटली नाही तरी चालेल. उपेक्षेसाठी मी चुलतभावाला निवडलं होतं आणि पहिले दोन महिने तिचा अर्थ 'तोंड फिरवणं' असा घेतला. चुकलं. तोंड फिरवायला सुद्धा त्याच्यावर लक्ष ठेवावं लागतं! आता उपेक्षेचा अर्थ मी 'हिशेब न ठेवणं' असा घेतो. तो दिसला की "चाय घेतलंस?" एवढं विचारायचं आणि उत्तराची वाट बघायची.

मन उसळलंच, तर प्रतिपक्षभावन. म्हणजे उलट विचार समोर ठेवायचा. नुसतं 'राग वाईट' असं घोकण्याचा उपयोग होत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. त्याच्या पुढचं सूत्र (२.३४) नीट वाचलं तर तीन प्रश्न हाती लागतात. हे मी स्वतः केलं का, दुसऱ्याकडून करवलं का, की दुसऱ्याने केलं त्याला मूक मान्यता दिली? लोभातून, रागातून की मोहातून? सौम्य, मध्यम की तीव्र? तीन त्रिक नऊ त्रिक सत्तावीस, असे हिंसादी विचारांचे प्रकार होतात. यातला 'अनुमोदित', म्हणजे मूक मान्यता दिलेलं, हा शब्द मला फार लागला. गेल्या शिमग्यात बायको वहिनीला काहीतरी बोलली. मी गप्प होतो, पण हसलो. वहीत तेव्हा 'काही नाही' असं लिहिलं होतं. नंतर ते खोडून लिहिलं : अनुमोदित, राग, मध्यम.

रात्री अढी चाळायची

ज्यांच्या घरात अढी घालतात त्यांना वेगळं सांगायला नको. माळ्यावर किंवा कोपऱ्यात पेंढ्याचा थर, त्यावर आंबे, परत पेंढा. एक-दोन दिवसांआड सगळं वर-खाली करावं लागतं. हाताला मऊ, डागी लागला की तो बाहेर. नाहीतर तळातला एक आंबा बाजूचे चार घेऊन जातो. चाळताना कोणी आंब्यावर रागावत नाही, की अढी बिघडली म्हणून रडत बसत नाही. वास घ्यायचा, दाबून बघायचं, बाजूला करायचं.

रात्रीचा स्वाध्याय मी असा करतो. जेवणं झाली की वही, दोन ओळी. आज डागी काय निघालं आणि कोणत्या थरातून. दोनच ओळी हे पथ्य कडक पाळा, कारण तिसऱ्या ओळीपासून माणूस स्वतःवर निबंध लिहायला लागतो. मग एक सूत्र वाचायचं, अर्थासकट. आठवडाभर तेच सूत्र.

खंड पडेल तेव्हा

पडणारच. मे महिना, गणपती, शिमगा, घरातलं आजारपण. साधनेतले नऊ अडथळे सूत्रातच दिले आहेत (१.३०) आणि त्यांतला पहिला 'व्याधी' आहे, ताप-खोकला. म्हणजे हे नेहमीचंच, असं समजून चाला. शेवटचा 'अनवस्थितत्व' : जमलेलं टिकत नाही. खाडीकाठच्या माणसाने त्याचं काय नवल करावं? भांगाच्या, म्हणजे छोट्या भरतीच्या, दिवसांत पाणी वर चढत नाही, म्हणून कोणी होडी विकत नाही.

माझा नियम असा : बसायला जमलं नाही, तर बंबाशी उभ्याउभ्या तीन लांब श्वास. सलग दोन दिवस तेही राहिलं, तर तिसऱ्या दिवशी पाच मिनिटंच बसायचं. 'भरपाई' म्हणून तासभर बसायचं नाही, ती चौथ्या दिवशी उलटते. २१ जूनला मोठ्या मैदानावरचे कार्यक्रम बघून उमाळा येतो, त्याच्यावरही विसंबू नका. तेव्हा इकडे आर्द्रा लागत असतात, तरवा (भाताची रोपं) वर येत असतो आणि कंबर आधीच बोलत असते. आणि एक राहिलं : झोप उडाली, जेवण जाईना, जगणं नकोसं वाटायला लागलं, तर वही आणि श्वास बाजूला ठेवून डॉक्टरकडे जायचं. त्यात कमीपणा काही नाही.

अपरिग्रह, म्हणजे गडगा

हा यम मी शेवटी ठेवला. कोणीतरी सांगितलं, "एवढा योग करतोस तर सोडून दे हातभर जमीन." महिनाभर तसा प्रयत्न केला. जमीन मनातून सुटली नाही, आणि सोडल्याचा मोठेपणा मात्र चिकटला, म्हणजे परिग्रह एकाने वाढला. शिवाय सातबाऱ्यावर बहिणीचंही नाव आहे. तिच्या वाट्याचं दान करणारा मी कोण?

शेवटी जे केलं ते असं. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज दिला, फी भरली. लगतच्या खातेदारांना नोटीस जाते, तशी भावालाही जाणार होती. ती जाण्याआधी मी स्वतः त्याच्या ओटीवर गेलो आणि सांगितलं, की खुणा जिथे पडतील तिथे गडगा, तुझ्या बाजूला सरकला तरी माझी हरकत नाही. बोलताना जबडा आवळलेला होता, मला कळत होतं. तो बराच वेळ सुपारी कातरत राहिला. मग म्हणाला, "झालो काय रे तुझो योग?"

मी म्हटलं, नाही अजून. वहिनीने चहा आणला.

मोजणीची तारीख अजून यायची आहे. यंदाच्या पावसात गडगा मधोमध ढासळला आणि त्या वाटेने त्याची गुरं आमच्या कलमांत येतात. सकाळी बंब पेटवला की त्यांच्या गळ्यातली घंटा आधी ऐकू येते. पहिल्या दोन श्वासांत ती घंटा असते, कधी कधी दहाही श्वासांत.